मॉनिटर फुल, मेन बंद

चिचटोल्याच्या मंडईत दोन गोष्टी दरवर्षी ठरलेल्या असतात. शिंगाडे दुपारच्या आत संपतात आणि कवडूजी रहांगडाल्यांचा गण संपत नाही.

मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा गावमेळा. हलका धान कापून झालेला, भारी धान अजून उभा, अशा मधल्या फुरसतीत दवनीवाड्याच्या आजूबाजूला एकेका गावाची मंडई लागते. लेकी माहेरी येतात, पाव्हण्यांना आवतण जातं, भरदिवसा मांडवात दंडार उभी राहते. दंडारीत ढोलकी, पेटी, टाळ आणि लुगडं नेसून नाचणारे मिशीवाले गडी असतात. पण या सगळ्या गर्दीचा मुख्य उपयोग सोयरिकी जुळवायला होतो. मुलगी बघायला आलो असं कोणी म्हणत नाही, मंडई बघायला आलो म्हणतात. पुढे जमलं नाही तर मंडई आवडली नाही एवढाच अर्थ निघतो आणि दोन्ही घरांची अब्रू शाबूत राहते.

नीतूच्या बाबतीत मागच्या वर्षी तसंच झालं. तिरोड्याकडचे पाव्हणे आले, त्यांनी दंडार ऐकली, घरी येऊन पोहे खाल्ले आणि आठवड्याभरानं मध्यस्थाकडून निरोप पाठवला, "पोरगी लाखात एक हाये. पन घर जरा मोठ्या आवाजाचं वाट्टे."

नीतूच्या आईला, धुरपताबाईंना, त्याचा अर्थ तिथल्या तिथे कळला. कवडूजींना वेगळाच कळला. "पाहा, नाव झालं ना घराचं!" ते म्हणाले.

दंडारीच्या सुरुवातीला गणपतीचं स्तवन होतं, त्याला गण म्हणतात. तो म्हणायचा मान पिढ्यान्‌पिढ्या रहांगडाल्यांचा. तरुणपणी कवडूजींचा आवाज फार गोड होता म्हणे. यातलं 'म्हणे' कवडूजींचंच. आता तो आवाज थ्रेशरमध्ये ओला धान गेल्यासारखा झाला होता. आधी घरघर, मग खडखड, मग सगळं एकदम बाहेर. आणि हे त्यांना सांगेल असा माणूस गावात जन्मला नव्हता, कारण कवडूजी मनानं इतके चांगले होते की अर्ध्या गावाच्या लग्नकार्यात पहिली पंगत तेच वाढत.

यंदाचे पाव्हणे सौंदडचे होते. मुलाचं नाव हिमांशू बोपचे, कोहमाऱ्याला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. नीतूनं त्याचा फोटो पाहिला होता आणि दोनदा फोनवर बोलली होती. पहिल्या फोनवर दोघंही घाबरलेली होती. दुसऱ्या फोनवर त्यानं जळालेल्या पंपाची वाइंडिंग कशी करतात हे सविस्तर सांगितलं आणि शेवटी विचारलं, "बोर झालं का जी?" ती नाही म्हणाली. खरंच नव्हतं झालं. त्या 'नाही'नंतर तिला हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. बापाचं मन दुखवायचंही नव्हतं. एका माणसानं एका दुपारी यातलं एकच साधावं असा साधारण नियम आहे.

पण नीतूजवळ मिक्सर होता.

मिक्सर तिच्या भावाचा. त्यानं हौसेनं साऊंडचा सेट घेतला, वर्षभर लग्नांत वाजवला, मग हैदराबादला नोकरी लागली आणि सेट घरी ठेवून गेला. घरात ठेवलेली वस्तू पुसण्याचं काम मुलीकडे येतं. नीतूनं गोंदियाच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी केलं होतं. पुसता पुसता तिनं ती चालवायलाही घेतली.

चिचटोल्याच्या माणसाला मिक्सर समजवायला नहर, म्हणजे कालवा, पुरे. प्रत्येक माईक म्हणजे एक पाट. पाटाच्या तोंडाशी एक सरकती दांडी. वर सरकवली की पाणी जास्त, खाली ओढली की बंद. सगळे पाट मिळून एका मोठ्या गेटातून जातात. ती उजव्या कोपऱ्यातली लाल दांडी, मेन. तिथून पुढे बाहेरचे भोंगे आणि सगळं गाव. याशिवाय प्रत्येक पाटाला बाजूनं एक बारीक फाटा असतो. त्याचं पाणी गावाला जात नाही. ते गाणाऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या तिरप्या पेटीत जातं. या पेटीला मॉनिटर म्हणतात. गाणारा स्वतःला तिथून ऐकतो. गावाला काय ऐकू येतं याचा त्याला पत्ता नसतो. पुढाऱ्यांना ही सोय बिनावायरची मिळते.

नीतूचा बेत सरळ होता. बाबांच्या माईकची दांडी खाली, मॉनिटरचं बटण वर. बाबांना वाटेल आपण गाजतोय. गावाला ऐकू येईल ढोलकी, पेटी आणि मागे सूर धरणारे झीलकरी. पाव्हणे खूश, बाबा खूश.

"तू काई मंडईत जाऊ नोको," सकाळी धुरपताबाई म्हणाल्या. "पाह्याले येऊन राहिले तुले, अन् तू वायरी पकडून बसशीन?"

"मी नाई बसली तं बाबाचा आवाज सौंदडपरेंत जाईन, माय."

धुरपताबाईंनी क्षणभर विचार केला. मग आतून स्टोल आणून दिला, पिवळा, त्यावर हिरवे पोपट. "तोंड बांधून बस. डोळ्याले चष्मा लाव. अन् बोलू नोको कोनासंग. चार वाजता साडी नेसून घरी पाह्यजे."

तोंडाला स्टोल आणि डोळ्यांना काळा चष्मा लावलेली मुलगी आमच्याकडे कोणीही असू शकते. स्कूटीवरून जाते तेव्हा सख्खा बापसुद्धा ओळखत नाही. कवडूजींना मात्र सगळं सांगितलं होतं. बेत सोडून. "मी तुले साऊंडवाले भाऊ म्हनीन," ते खुशीत म्हणाले. त्यांना गुपितं फार आवडत.

दुपारी मांडव भरला. स्टेजसमोर सगळ्यांच्या मागे, कडुलिंबाखाली नीतूचं टेबल होतं. मिक्सरला बारा दांड्या. अकरा कामाच्या. बारावी कशालाच जोडलेली नव्हती. ती नीतूनं मुद्दाम मोकळी ठेवली होती आणि मोकळी असल्यामुळे सगळ्यात जास्त तीच वापरली जाई. मंडई कमिटीचे अध्यक्ष हेमेंद्रभाऊ आले.

"आवाज जरा कमी वाटून राहिला."

नीतूनं हातानं बारावी दांडी दाखवली. हेमेंद्रभाऊंनी ती अधिकारानं बोटभर वर सरकवली आणि कान टवकारला.

"आता कसा खुलला! मले समजते ना थो आवाज." आणि ते समाधानानं शिंगाडे खायला गेले.

ढोलकी लागली. दंडारीचा सगळा ताफा स्टेजवर दाटीनं उभा राहिला, त्यांच्यापुढे फेटा बांधून कवडूजी. पाव्हणे नीतूला कुठेच दिसेनात. पहिल्या रांगेत खुर्च्या होत्या, त्यावर सरपंच आणि गावातली इतर वजनदार मंडळी. पाव्हणे कुठे तरी त्यातच असतील, असं तिनं धरून चाललं. माणूस आपल्या सोयीचं तेवढं धरून चालतो.

कवडूजींनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. कडुलिंबावरचे दोन बगळे उठून गेले. नीतूनं मॉनिटरचं बटण पूर्ण फिरवलं आणि एक नंबरची दांडी हळूच तळाला नेली.

कवडूजी थांबले. माईकवर टिचकी मारली.

"हॅलो. हॅलो! ओ साऊंडवाले भाऊ! आवाज मेला ना बे!"

नीतूनं दांडीकडे पाहिलं. दांडी खाली नेल्यावर मॉनिटरही गप्प झाला होता. मग तिला आठवलं. बारीक फाटा दांडीच्या वरून फुटलाय की खालून, हे ठरवायला एक पांढरं बटण असतं. फाटा खालून फुटला असेल तर दांडी बंद म्हणजे फाटाही कोरडा. नहराच्या टोकाला ज्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आहे त्याला हे झोपेतही कळतं. नीतूच्या घरची बांधी टोकालाच होती. तरी ती विसरली.

हेमेंद्रभाऊ शिंगाडा तोंडात धरून पळत आले. "का झालं? सर बाजूले!" त्यांनी बारावी दांडी खाडकन माथ्याला नेली. त्याच क्षणी नीतूनं पांढरं बटण दाबलं. मॉनिटर कवडूजींच्या पायाशी गर्जला.

"आला! आला!" कवडूजींचा चेहरा उजळला.

"पाह्यलं?" हेमेंद्रभाऊ म्हणाले. "धाक पाह्यजे मशीनले."

आणि कवडूजी गायला लागले. इतक्या वर्षांत स्वतःचा आवाज त्यांनी इतका भरदार कधी ऐकला नव्हता. एरवी ते चार कडवी म्हणत. आज आजोबांच्या वेळची, लोक विसरलेली कडवीही त्यांनी उकरून काढली. बाहेरच्या भोंग्यांतून ढोलकी, पेटी आणि झीलकऱ्यांचं "हो जी रे जी" तेवढं येत होतं. लोक डोलत होते.

"यंदा कवडूभाऊनं गण मस्त म्हटला गा," नीतूच्या पुढे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता.

"हो ना. ऐकूच नाई येऊन राहिला, एवढा गोड."

नीतूनं स्टोलच्या आत पहिला मोकळा श्वास घेतला. तो पूर्ण व्हायच्या आत झीलकरी दम खायला खाली बसले आणि त्यांच्या मागे लपलेलं स्टेज दिसू लागलं.

स्टेजवर सोफा होता. रहांगडाल्यांच्या बैठकीतला, मखमली. सकाळी कवडूजींनी चौघांच्या खांद्यावर देऊन नेला होता, मानाच्या पाव्हण्यांसाठी. आणि सोफ्यावर, मॉनिटरपासून बैलाच्या कासऱ्याएवढ्या अंतरावर, ओळीनं बसले होते मुलाचे वडील मनिरामजी, मुलाची आई सुशिलाबाई आणि पांढऱ्या शर्टात ताठ बसलेला हिमांशू.

दंडारीचा ताफा सोडला तर सगळ्या पंचक्रोशीत कवडूजींचा आवाज फक्त तीन माणसांना ऐकू येत होता, तोही संपूर्ण. आणि ती तीन माणसं नीतूनं स्वतःच्या हातानं निवडल्यासारखी बरोब्बर तीच होती.

सुशिलाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरायच्या निमित्तानं कानावर ओढला. नीतूनं घाईनं मॉनिटर कमी केला. कवडूजींना आवाज कमी वाटला, म्हणून त्यांनी छाती फुगवून बिनमाईकचाच वाढवला. सुशिलाबाईंनी दुसऱ्या कानावरही पदर घेतला. नीतूनं मॉनिटर पुन्हा वाढवला. इकडे आड, तिकडे विहीर आणि मध्ये बाप गातोय. तिनं हात टेबलावर ठेवले आणि ठरवलं की गोंदियाला एमएस्सीला नाव टाकावं.

अखेर गण संपला. टाळ्या पडल्या. कवडूजी माईकवर काहीतरी बोलू लागले, ते कोणालाच ऐकू येईना, तेव्हा नीतूच्या ध्यानात आलं आणि तिनं दांडी वर केली.

"...तं आता आपल्या मंडईले आलेले मानाचे पाव्हणे, सौंदडचे मनिरामजी बोपचे, दोन शब्द बोलतीन!"

मनिरामजी उठले. माईक हातात घेतला. "शब्द कायले," ते लाजत म्हणाले. "एक भजन म्हनतो."

सोफ्यावरचा पांढरा शर्ट विजेचा झटका बसल्यासारखा उठला. हिमांशू स्टेजवरून उतरला, बायकांच्या रांगेतून वाट काढत, कोणाच्या जलेबीच्या पुड्यावर पाय देत, माफी मागत थेट कडुलिंबाखाली आला. नीतूचं काळीज माईक नसतानाही ऐकू येईल असं वाजायला लागलं. पण त्यानं तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर मिक्सरवर होती.

"ताई, एक काम होतं."

आयुष्याचा जोडीदार म्हणून मनात धरलेल्या माणसानं पहिला प्रत्यक्ष शब्द उच्चारला तो 'ताई'. नीतूनं नुसती मान हलवली. आईनं बोलू नको म्हटलंच होतं.

"तुमच्याकडे मॉनिटर वेगळा हाये ना? तं बाबाले मॉनिटर फुल द्या. अन् मेन..." त्यानं मागे वळून पाहिलं. मनिरामजी घसा साफ करत होते. "मेनमंधी नाई दिला तरी चालते. आमच्या गावचा साऊंडवाला असाच करते, बाबाले मालूम नाई. पाया पडतो ताई, लवकर करा. माही सोयरीक अडून हाये इथं. पोरीवाल्यायनं ऐकलं तं चहा बी नाई देनार."

पांढरं बटण दाबलेलंच होतं. नीतूनं दांडी तळाला नेली, मॉनिटर माथ्याला. काही समजावायला लागलंच नाही याचं हिमांशूला आश्चर्य वाटलं. "एकदम एक्सपर्ट हाव तुमी," तो म्हणाला.

मनिरामजींनी सूर लावला. सौंदड स्टेशनात मालगाडी थांबताना जशी ब्रेक लावते, तसा तो आवाज होता. तो निदान तोंडाच्या हालचालीवरून तसा वाटला. गावाला ढोलकीच ऐकू आली. सोफ्यावर आता मुलाच्या रिकाम्या जागी कवडूजी बसले होते आणि मॉनिटरचा पूर्ण झोत त्यांच्यावर होता. नीतू श्वास रोखून बघत राहिली. कवडूजींनी डोळे मिटले. मान हलवली. मग मांडीवर थाप मारून ओरडले, "वा, इवाई!"

अजून काहीच ठरलेलं नव्हतं आणि ते व्याही म्हणून मोकळे झाले होते.

हिमांशूनं कपाळावरचा घाम पुसला. "पाह्यलं का ताई? थो पोरीचा बाप. त्यायचा गण तुमाले इथं कमी आला असन. वर स्टेजवर तं, बाप्पा!" तो हसायला लागला. "आईनं तं पदर घेतला कानावर."

नीतूनं मान खाली घातली.

"पन मले लय बरं वाटलं, सांगतो," तो पुढे म्हणाला. "दोन वर्षं झाले, जिथं जाव तिथं बाबा भजन म्हनते, अन् तिथून निरोप येते. मी त्याच भ्यावात आलो होतो. इथं आलो तं पोरीच्याच घरी आपल्यापेक्षा भारी मानूस! आई बी म्हने, आता आपल्याले कोन हसते?"

नीतू स्टोलच्या आत हसली. इतकी की चष्म्यावर वाफ धरली आणि तिला काही दिसेनासं झालं. सकाळपासून छातीवर ठेवलेलं धानाचं पोतं कोणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं वाटलं तिला. तिनं काही न बोलता अंगठा वर केला. त्यानंही केला आणि तो परत स्टेजकडे गेला.

चार वाजता रहांगडाल्यांच्या बैठकीत सोफा परत आला होता आणि त्यावर दोन्ही वडील खांद्याला खांदा लावून बसले होते. "तुमचा खर्ज, मनिरामजी!" "तुमची तान, कवडूजी!" असं चाललं होतं. बाकीच्यांना दोन्ही कुठे होते ते आठवत नव्हतं.

नीतू साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन आली. हिमांशूनं कप उचलला, वर पाहिलं, समाधानानं हसला. फोटोपेक्षा चांगली होती. मग त्याची नजर तिच्यामागे अंगणातल्या दोरीवर गेली. तिथे घामानं भिजलेला स्टोल वाळत होता. पिवळा, त्यावर हिरवे पोपट. कप बशीत इतक्या जोरात आपटला की चहा पायजम्यावर गेला.

"का झालं रे?" मनिरामजींनी विचारलं.

"गरम हाये," हिमांशू म्हणाला.

सुशिलाबाईंनी नेहमीचा प्रश्न काढला. "बाई, तुले का का येते?"

स्वैपाक आणि शिवण, असं धुरपताबाईंनी पाठ करून घेतलं होतं. "साऊंड चालवते मी," नीतू म्हणाली.

धुरपताबाईंना ठसका लागला.

"म्हंजे का करतेस?"

"आवाज कमी-जास्त करते."

सुशिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मनिरामजी कवडूजींना भजनाचं दुसरं कडवं ऐकवत होते. मग त्यांनी नीतूकडे पुन्हा पाहिलं, या वेळी वेगळ्या नजरेनं, बाजारात शेवटी बरोबर दुकान सापडावं तसं.

"घरात बी चालते का थे?" त्यांनी हळूच विचारलं.

"शिकता येते, मामीजी."

"आमाले पसंत हाये," सुशिलाबाई म्हणाल्या. नवऱ्याला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. तो तसाही गात होता. धुरपताबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि ठसक्यामुळे पुसते असं दाखवलं.

रिवाजाप्रमाणे मुलामुलीला बोलायला अंगणात सोडलं. हिमांशू दोरीजवळ उभा राहिला. बराच वेळ पोपट मोजल्यासारखं केलं.

"थे तुमीच होत्या?"

"हो जी."

"मी ताई म्हटलं."

"तीन वेळा."

"लाज वाटून राहिली मले."

"कायले? आता नोको म्हनू म्हंजे झालं."

दोघंही हसली. आतून कवडूजींचा आवाज आला. त्यासाठी मिक्सरची गरज नव्हती. "इवाई, ठरलं! लग्नात आपन दोघं मिळून मंगलाष्टकं म्हनू!"

"अखेरपरेंत म्हनू!" मनिरामजींनी दुजोरा दिला.

हिमांशूचा चेहरा उतरला. त्यानं आवाज खाली घेतला. "मॉनिटर किती हायेत तुमच्याकडे?"

"दोन."

"मंग काई भेव नाई." त्यानं सुटकेचा श्वास सोडला. "लोकायले काई ऐकू नाई येनार. फक्त मॉनिटरजवळ सोफा नोको ठेवू देजा. बिचारे स्टेजवर जे बसतीन, त्यायचे हाल."

नीतूनं विचारलं,

"लग्नात स्टेजवरच्या सोफ्यावर कोन बसते जी?"

हिमांशूनं आधी तिच्याकडे, मग स्वतःकडे पाहिलं. आतून दोघांनी एकदम सूर लावला. दोरीवरचा स्टोल थोडा हलला, ते वाऱ्यानंच असावं.

"ऐकून घेऊ," तो म्हणाला.